कॅनाल स्ट्रीटवरचा जनरल

अमेरिकेच्या यादवी युद्धातला दक्षिणेचा सेनापती जेम्स लाँगस्ट्रीट, याचा विषय निघाला की बोलणारे हटकून २ जुलै १८६३ या तारखेवर येऊन अडतात. गेटिसबर्गच्या लढाईचा दुसरा दिवस. त्या दिवशी त्याने हल्ला उशिरा का केला, मुद्दाम केला का, सकाळीच केला असता तर दक्षिणेने लढाई मारली असती का. त्या युद्धावर वाचणाऱ्यांत हा वाद आजही तितकाच ताजा आहे. मी जॉर्जियात राहतो. लाँगस्ट्रीट जिथे म्हातारपणी राहिला आणि जिथे त्याला पुरलं ते गेन्सव्हिल अटलांटापासून तासाभरावर आहे. त्याच्याबद्दल हाती लागेल ते मी वाचत आलोय, आणि जसजसं वाचत गेलो तसतसं एक मत पक्कं होत गेलं: या माणसाचा न्याय करायचा तर तो दुसऱ्या एका तारखेवर करायला हवा. १४ सप्टेंबर १८७४, सोमवार. स्थळ न्यू ऑर्लिन्सचा कॅनाल स्ट्रीट. त्या दिवशी लाँगस्ट्रीट आपल्याच जुन्या सैनिकांसमोर उभा होता, त्यांच्या विरुद्ध बाजूला.

तिथवर तो कसा पोहोचला हे समजायचं तर थोडं मागे जायला हवं.

जन्म १८२१चा, साउथ कॅरोलायनातला. बालपण जॉर्जियात गेलं, बराच काळ काकांच्या छत्राखाली. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत १८४२च्या तुकडीतल्या ५६ जणांत त्याचा नंबर ५४वा आला. अभ्यासात यथातथाच, पण अंगाने धिप्पाड आणि मित्रांत लाडका. त्याच्या मागच्या वर्गात एक बुजरा, घोड्यांचं वेड असलेला मुलगा होता, युलिसिस ग्रँट. दोघांचं चांगलं गूळपीठ जमलं. पुढे ग्रँटने ज्या ज्युलिया डेंटशी लग्न केलं ती लाँगस्ट्रीटच्या नात्यातली, आणि त्या लग्नाला लाँगस्ट्रीट हजर होता. ही मैत्री लक्षात ठेवायला हवी, कारण पुढे तिनेच त्याला तारलं आणि तिच्यामुळेच तो बदनामही झाला.

१८६१मध्ये त्याने अमेरिकेच्या सैन्याचा राजीनामा दिला आणि गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांच्या, म्हणजे कॉन्फेडरेटांच्या, बाजूने तो उभा राहिला. याला कसलाही मुलामा देता येत नाही. १८६३च्या उन्हाळ्यात दक्षिणेचा प्रमुख सेनापती रॉबर्ट ली याची फौज पेनसिल्व्हेनियात शिरली तेव्हा तिथल्या कृष्णवर्णीय माणसांना पकडून दक्षिणेत नेलं जात होतं. लाँगस्ट्रीटच्या मुख्यालयातून त्याच्या हाताखालच्या जॉर्ज पिकेट या सेनापतीला गेलेल्या एका हुकुमात, पकडलेल्या अशा माणसांना सोबत घेऊन या, असा उल्लेख आहे. त्या फौजेतला लीखालोखालचा सेनापती तो होता. नंतर त्याने काय केलं ते सांगताना हे पान फाडून टाकायचं नाही, असं मी स्वतःशी ठरवलंय.

सेनापती म्हणून त्याची हातोटी बचावाची. चांगली जागा धरायची, शत्रूला अंगावर येऊ द्यायचं आणि मग तडाखा द्यायचा. डिसेंबर १८६२मध्ये फ्रेडरिक्सबर्गला एका दगडी कुंपणामागे उभ्या असलेल्या त्याच्या माणसांनी उत्तरेच्या लाटेमागून लाटा कापून काढल्या. त्याच्या आदल्या सप्टेंबरात अँटिएटमची रक्तबंबाळ लढाई संपली, त्या संध्याकाळी लीने त्याला 'माझा जुना युद्धाश्व' म्हटलं होतं.

त्याच वर्षी जानेवारीत रिचमंडमध्ये स्कार्लेट फीव्हरची साथ आली आणि आठवड्याभरात त्याची तीन मुलं गेली. मुलांच्या अंत्यविधीची व्यवस्था पिकेट या मित्राला आणि त्याच्या भावी पत्नीला बघावी लागली. लाँगस्ट्रीट आणि त्याची पत्नी लुईझ या दोघांत ते बळ उरलं नव्हतं. त्याआधीचा लाँगस्ट्रीट पत्ते कुटणारा, हसणारा, पिणारा होता. मुलं गेल्यावर तो अबोल झाला. दीड वर्षाने, ३ जुलै १८६३ला, गेटिसबर्गच्या उघड्या मैदानावर ज्याला पुढे जायला सांगायचं होतं तो हाच पिकेट. लाँगस्ट्रीटने पुढे लिहून ठेवलंय की आदल्या चर्चेत त्याने लीला स्पष्ट सांगितलं होतं: मी आयुष्यभर सैनिक आहे, आणि ती टेकडी घेऊ शकतील असे १५,००० सैनिक या जगात कधी उभे राहिलेले नाहीत. ली बधला नाही. पिकेटने विचारलं, निघू का? लाँगस्ट्रीटच्या तोंडून शब्द फुटेना. त्याने फक्त मान खाली घातली. सुमारे साडेबारा हजार माणसं पाऊण मैल उघड्यावरून चालत गेली आणि त्यातली निम्म्याहून अधिक मारली, जखमी झाली किंवा पकडली गेली. परतणाऱ्यांना सामोरा जाऊन ली म्हणाला, चूक सगळी माझी आहे.

लीचं हे वाक्य दक्षिणेला दहा वर्षांत विसरायला झालं.

आदल्या दिवशीचा, २ जुलैचा हल्ला दुपारी चारच्या सुमारास सुरू झाला हे खरं. लाँगस्ट्रीटला तो बेतच पसंत नव्हता आणि नापसंती तो लपवत नसे. त्याचं सैन्य रेंगाळलं, शत्रूला दिसू नये म्हणून वाट बदलून उलट फिरलं, त्यात वेळ गेला. त्याचे दोष मला झाकायचे नाहीत. त्याच वर्षाअखेर नॉक्सव्हिलला स्वतंत्र सेनापती म्हणून तो सपशेल अपयशी ठरला आणि हाताखालच्या अधिकाऱ्यांवर चिडून बसला. पण त्याच्या दोन महिने आधी चिकामाउगाला त्याच्याच तडाख्याने उत्तरेची फळी फुटली होती. ६ मे १८६४ला विल्डरनेसच्या झाडीत स्वतःच्याच बाजूच्या गोळीने त्याचा गळा आणि उजवा खांदा फोडला. वर्षभरापूर्वी दक्षिणेचाच दुसरा नामवंत सेनापती स्टोनवॉल जॅक्सन याला आपल्याच माणसांची गोळी लागली ती जागा तिथून काही मैलांवर. जॅक्सन मेला आणि देव झाला. लाँगस्ट्रीट जगला. उजवा हात लुळा पडला, आवाज कायमचा बसला, आणि तो डाव्या हाताने लिहायला शिकला.

एप्रिल १८६५मध्ये ॲपोमॅटॉक्सला लीच्या फौजेची शरणागती झाली. तिथे उत्तरेचा सरसेनापती झालेला ग्रँट भेटला तेव्हा त्याने जुन्या मित्राचा हात धरून पुन्हा पत्त्यांचा डाव मांडू या असं म्हटलं, असं लाँगस्ट्रीट सांगे. पुढे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनकडे तो माफी मागायला गेला, ग्रँटची शिफारस घेऊन. जॉन्सनचं उत्तर त्याच्याच आठवणींत आहे: दक्षिणेतल्या तीन माणसांना कधीच माफी मिळणार नाही, डेव्हिस (दक्षिणेचा राष्ट्राध्यक्ष), ली आणि तुम्ही, तुम्ही आम्हाला फार त्रास दिलात. अखेर १८६८मध्ये काँग्रेसने त्याचे राजकीय हक्क परत दिले.

तोवर त्याचा संसार न्यू ऑर्लिन्समध्ये थाटला होता. कापसाची दलाली, विमा कंपनी. पैसा येत होता, शहर त्याला डोक्यावर घेत होतं. मार्च १८६७मध्ये काँग्रेसने पुनर्रचनेचे कायदे केले: दक्षिणेत लष्करी अंमल आणि कृष्णवर्णीय पुरुषांना मताचा अधिकार. एका वृत्तपत्राने शहरातल्या नामवंतांना मतं विचारली. लाँगस्ट्रीटने लिहिलं की आपण जिंकले गेलेले लोक आहोत, हे सरळ मान्य करावं आणि जेत्यांनी घातलेल्या अटी पाळाव्यात. एवढ्यावर कुणी फारसं चिडलं नाही. जूनमध्ये त्याने आणखी एक पत्र लिहिलं, रिपब्लिकन पक्षाशी, म्हणजे लिंकनच्या, गुलामगिरी संपवणाऱ्या पक्षाशी, सहकार्य करा असं सांगणारं. छापायला देण्यापूर्वी काकांना दाखवलं. काका म्हणाले, पोरा, हे छापलंस तर तुझा सत्यानाश होईल.

काकांचं खरं ठरलं. धंद्यातले लोक तुटले, रस्त्यात ओळखीचे तोंड फिरवू लागले, धमक्यांची पत्रं आली. त्याने लीचा पाठिंबा मागितला. लीने नम्रपणे नकार दिला.

त्याचे त्या वेळचे हेतू शुद्ध सोन्याचे होते असं मी म्हणणार नाही. एका पत्रात त्याने उघड लिहिलंय की आता नीग्रोंना मत मिळालंच आहे तर ते आपल्याला घातक ठरू नये म्हणून त्या मतावर वजन ठेवायला हवं, आणि ते रिपब्लिकन राहूनच जमेल. हा हिशेब गोऱ्या जमीनदाराचाच आहे. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. हिशेबापोटी धरलेली वाट बहुतेक माणसं हिशेब चुकल्यावर सोडतात. लाँगस्ट्रीटचा हिशेब पहिल्याच वर्षी चुकला होता, तरी तो त्या वाटेवरून हटला नाही, आणि चालता चालता ती वाट त्याला मूळ हिशेबापेक्षा खूप पुढे घेऊन गेली. १८६९मध्ये ग्रँट राष्ट्राध्यक्ष झाला आणि त्याने लाँगस्ट्रीटला न्यू ऑर्लिन्सच्या कस्टम खात्यात मोठं पद दिलं. दक्षिणेने याला लाच म्हटलं. त्यानंतर लुइझियाना राज्याच्या मिलिशियाची, म्हणजे राज्याच्या स्वतःच्या सैन्यदलाची, सूत्रं त्याच्याकडे आली. त्या मिलिशियात मोठ्या संख्येने कृष्णवर्णीय शिपाई होते, कालपर्यंत गुलाम असलेले. कॉन्फेडरेट लेफ्टनंट जनरल आता त्यांना हुकूम देत होता आणि त्यांचे सलाम घेत होता.

लुइझियानात तेव्हा काय चाललं होतं याची कल्पना यावी म्हणून एकाच गावाचं नाव सांगतो, कोलफॅक्स. १३ एप्रिल १८७३, ईस्टरचा रविवार. निवडणुकीच्या वादातून गोऱ्या सशस्त्र टोळ्यांनी तिथल्या कचेरीला आग लावली आणि आतल्या कृष्णवर्णीयांना ठार मारलं, कित्येकांना शरण आल्यावर. मेलेल्यांचा आकडा साठपासून दीडशेपर्यंत सांगितला जातो. शिक्षा झालेले मूठभर लोकही १८७६मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सुटले. त्याच १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं आणि ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी त्यांनी दाखवलेल्या औदार्यासाठी. जोतीरावांचा आनंद खरा होता, त्यांनी केलेला गौरवही योग्य होता. आणि त्याच महिन्यांत इकडे त्या मुक्तीचा गळा घोटला जात होता. या दोन गोष्टी एकाच सालातल्या आहेत हे लक्षात आलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो.

आता तो सोमवार.

'व्हाइट लीग' नावाची संघटना त्या वर्षी उभी राहिली होती. नावातच सगळं आलं. तिच्यात जुने कॉन्फेडरेट सैनिक भरलेले होते. रिपब्लिकन गव्हर्नर विल्यम केलॉगला हुसकावून राज्य ताब्यात घ्यायचं हा बेत. बंदरात 'मिसिसिपी' नावाची आगबोट त्यांच्यासाठी बंदुका घेऊन लागली होती आणि पोलीस त्या उतरू देत नव्हते. १४ तारखेला सकाळी कॅनाल स्ट्रीटवर मोठी सभा झाली, गव्हर्नरने राजीनामा द्यावा असा ठराव झाला आणि दुपारी हत्यारबंद लोक जमले. अंदाज ५,००० आणि त्याहून जास्तीचे आहेत. समोर लाँगस्ट्रीटची साडेतीन हजारांच्या आसपास माणसं: शहराचे मेट्रोपॉलिटन पोलीस आणि मिलिशिया. पोलिसांचा प्रमुख अल्जर्नन बॅजर नदीकाठाकडच्या टोकाला तोफा आणि गॅटलिंग गन घेऊन उभा होता.

लाँगस्ट्रीट ५३ वर्षांचा होता. उजवा हात निकामी, आवाज घोगरा. घोड्यावर बसून तो समोरच्यांना पांगायला सांगायला पुढे गेला. त्यांनी त्याला घोड्यावरून खाली ओढलं. एक वेग गेलेली गोळी त्याला लागली आणि तो कैद झाला. तिकडे लीगवाले बंदरावरच्या मालाच्या आडोशाने बॅजरच्या तोफांवर चालून गेले, आणि जाताना त्यांनी आरोळी ठोकली ती यादवी युद्धातली कॉन्फेडरेट आरोळी. मॅनासास, गेटिसबर्ग, चिकामाउगा, सगळीकडे जी त्याच्या पाठीमागून उठली होती ती आज त्याच्या अंगावर येत होती. पोलिसांची फळी मोडली, बॅजर गंभीर जखमी होऊन पडला. दोन्हीकडचे मिळून तीसहून अधिक मेले. शहर लीगच्या ताब्यात गेलं. ग्रँटने फौज धाडली तेव्हा काही दिवसांनी केलॉग परत खुर्चीवर बसला.

लष्करी दृष्टीने ही हार होती, आणि नेतृत्व काही फार चमकदार नव्हतं. मला इथे त्याचं डावपेचांचं कसब मोजायचंच नाहीये. रिंगणाबाहेर राहायची मुभा त्याला शंभर वेळा होती. कस्टमचा पगार घेऊन घरी बसता आलं असतं, दुखणं पुढे करता आलं असतं. गेटिसबर्गला त्याने मनाविरुद्ध हुकूम पाळला. कॅनाल स्ट्रीटवर तो स्वतः घेतलेल्या निर्णयाने उभा होता, निवडून आलेल्या सरकारसाठी आणि त्या सरकारला मतं देणाऱ्या माणसांसाठी.

आणि गेटिसबर्गचं खापर त्याच्या डोक्यावर फुटलं ते याच वर्षांत. ली जिवंत होता तोवर त्याने लाँगस्ट्रीटला जाहीर दोष दिलेला नाही. ऑक्टोबर १८७०मध्ये ली वारला. जानेवारी १८७२मध्ये लीच्या जयंतीला जुबल अर्ली या माजी सेनापतीने लेक्सिंग्टनच्या कॉलेजात भाषण केलं आणि २ जुलैच्या दिरंगाईचा ठपका लाँगस्ट्रीटवर ठेवला. पुढच्या जयंतीला विल्यम पेंडलटन या लीच्या माजी अधिकाऱ्याने त्यात भर घातली: लीने म्हणे सूर्योदयालाच हल्ला करायचा हुकूम दिला होता. लाँगस्ट्रीटने लीच्या खाजगी तैनातीतल्या अधिकाऱ्यांना पत्रं लिहिली. टेलर, व्हेनेबल, मार्शल, लाँग. असा हुकूम आपल्याला ठाऊक नाही, असंच त्यांनी कळवलं. बरं, अर्ली स्वतः गेटिसबर्गच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी सिमेट्री हिल या मोक्याच्या टेकडीसमोर हात आखडून थांबलेल्यांपैकी होता. पण पुढे इतिहास छापणाऱ्या दक्षिणेच्या संस्थेचं अध्यक्षपद त्याच्याकडे होतं. ली निर्दोष, जॅक्सन हुतात्मा, दक्षिणेचं ध्येय उदात्त, मग हरलो कसे? या प्रश्नाला उत्तर हवं होतं, आणि कृष्णवर्णीयांची पलटण चालवणारा, ग्रँटचा मित्र, रिपब्लिकन लाँगस्ट्रीट आयताच सापडला. त्याने १८६७चं ते पत्र लिहिलं नसतं तर २ जुलैच्या दुपारवर एवढा कीस पाडला गेला नसता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

त्याने उत्तरं दिली, आणि वाईट दिली. लेख लिहिले, १८९६मध्ये जाडजूड आठवणी छापल्या. त्यात लीवरही टीका, जॅक्सनवरही. विरोधकांना हवं ते दारूगोळ्यासारखं पुरवलं.

१८७५मध्ये तो गेन्सव्हिलला आला. कोंबड्यांच्या धंद्याची जागतिक राजधानी म्हणून मिरवणाऱ्या या गावात त्याच्या पीडमाँट हॉटेलचा थोडा भाग अजून उभा आहे. टेकडीवर पायऱ्या पाडून त्याने द्राक्षं लावली. शेजारी त्या मळ्याला 'गेटिसबर्ग' म्हणायचे. १८७७मध्ये तो कॅथलिक झाला. पोस्टमास्तर, मग वर्षभर तुर्कस्तानच्या सुलतानाच्या दरबारात अमेरिकेचा राजदूत, मग जॉर्जियात फेडरल मार्शल. ९ एप्रिल १८८९ला, नेमक्या शरणागतीच्या तारखेला, घर जळालं आणि गणवेश, कागदपत्रं सगळं गेलं. त्याच डिसेंबरात लुईझ वारली.

१८८६मध्ये अटलांटात एका पुतळ्याच्या अनावरणाला जेफरसन डेव्हिस आला होता. लाँगस्ट्रीट बोलावणं नसताना कॉन्फेडरेट गणवेश घालून तिथे गेला आणि डेव्हिसने त्याला मिठी मारली. गर्दीने जल्लोष केला. साध्या सैनिकांनी त्याच्यावरचं प्रेम कधी पुरतं सोडलं नव्हतं. हा प्रसंग वाचताना मला नेहमी अडखळायला होतं. ज्यांनी त्याला वाळीत टाकलं त्यांच्याच मंडपात त्याला जावंसं वाटलं. म्हातारपणी त्याला आपल्या माणसांत परत यायचं होतं, आणि तरी त्याने आपलं राजकारण सोडलं नाही. दोन्ही खरं आहे, आणि दोन्हींचा मेळ घालण्याचा माझा आग्रह नाही.

२ जानेवारी १९०४ला तो गेला. दफनाच्या वेळी एका जुन्या सैनिकाने आपल्या गणवेशाचा कोट आणि भरतीचा कागद त्याच्या कबरीत ठेवला असं सांगतात. सव्हानाच्या कॉन्फेडरेट कन्यांच्या मंडळाने मात्र फुलं पाठवायला नकार दिला. दुसरी पत्नी हेलन वयाने चाळीसहून अधिक वर्षांनी लहान होती. ती १९६२पर्यंत जगली आणि शेवटपर्यंत त्याची बाजू मांडत राहिली. दुसऱ्या महायुद्धात, ऐंशीच्या घरात असताना, ती अटलांटाजवळ मॅरिएटाच्या विमान कारखान्यात रिव्हेट ठोकायच्या कामावर जायची. तिच्यावर खरं तर वेगळा लेख व्हायला हवा.

पुतळ्यांचं म्हणाल तर अटलांटाजवळच्या स्टोन माउंटनवर, जिथे आम्ही मराठी मंडळी भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला हौसेने नेतो, डेव्हिस, ली आणि जॅक्सन कोरलेत. लाँगस्ट्रीट नाही. गेटिसबर्गला त्याचा पुतळा बसला तो १९९८मध्ये, लढाईनंतर १३५ वर्षांनी. झाडीत, चौथऱ्याशिवाय, जमिनीलगत. न्यू ऑर्लिन्समध्ये १८९१ साली दगडी स्तंभ उभारला गेला, पण तो व्हाइट लीगच्या गौरवासाठी. १९३२मध्ये त्यावर गोऱ्यांच्या वर्चस्वाचा उघड उल्लेख कोरला गेला. २४ एप्रिल २०१७च्या अंधाऱ्या पहाटे तो काढला तेव्हा कामगारांना तोंड झाकून, बुलेटप्रूफ जाकिटं घालून काम करावं लागलं.

माझं म्हणणं एवढंच की लाँगस्ट्रीटचा पुतळा गेटिसबर्गपेक्षा कॅनाल स्ट्रीटवर हवा. अंगावर कॉन्फेडरेट गणवेश नको, लुइझियाना मिलिशियाचा हवा. आणि एकटा नको. त्या दुपारी त्याच्या हुकमाखाली उभ्या राहिलेल्या पोलिसांची आणि कृष्णवर्णीय शिपायांची नावं त्याच दगडावर, त्याच्या नावाएवढ्याच अक्षरांत कोरायला हवीत.